न दुखणारा चट्टा

(बी. ए. भाग दोन)

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याविषयी बाहेरगावच्या माणसाला काय ठाऊक असते, असे कुणाला विचारले तर तीनच उत्तरे मिळतात. ताडोब्याचा वाघ, चंद्रपूरचा कोळसा आणि बाबा आमट्यांचे आनंदवन. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा आपल्याला विशेष अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. शाळेची सहल वरोऱ्याला जाते, वक्तृत्व स्पर्धेत 'बाबा आमटे' हा विषय हमखास असतो, आणि बोटे झडलेल्या हातांनी उभ्या केलेल्या शेतीच्या, विणकामाच्या कथा ऐकून आपले डोळे पाणावतात. परंतु या अभिमानाचा एक उलटा परिणामही झाला आहे, असे मला वाटते. कुष्ठरोग म्हणजे आनंदवन आणि आनंदवन म्हणजे वरोरा. तेव्हा कुष्ठरोग वरोऱ्याला असतो, आमच्याकडे नसतो, असे एक विचित्र गणित आपल्या मनात पक्के बसले आहे. वरोरा जिल्ह्याच्या पश्चिमेला, आपली सावली पूर्वेच्या टोकाला, वैनगंगेच्या अलीकडे. मध्ये एवढे अंतर असले की डोळे पाणावणे सोपे जाते.

वस्तुस्थिती अशी आहे की चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत मोडतात. रोगी आहेत. ते आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच बांधीत रोवणी करीत आहेत, कदाचित आपल्याच वर्गात बसत आहेत. आणि त्यांतले कित्येक फार उशिरा सापडतात. हा उशीर का होतो आणि त्याची किंमत कोण भरतो, एवढ्यावरच मला लिहायचे आहे. उशिराचा सारा दोष 'अडाणी' रोग्याच्या माथी मारायची आम्हा शिकलेल्यांची एक सवय आहे. ती मला मान्य नाही. उशीर हा एकटा रोगी करीत नाही. सगळे गाव मिळून करते, आणि त्यात सरकारचा वाटाही लहान नाही.

आधी रोगाचेच पाहू. हा रोग मोठा लबाड आहे. १८७३ साली नॉर्वे देशातील बर्गेन शहरी डॉ. हॅन्सन यांनी याचे जंतू शोधून काढले. (नॉर्वे हे नाव ऐकून आश्चर्य वाटेल, पण आज इतका संपन्न असलेला तो थंड देश त्या काळी या रोगाने गांजला होता, आणि औषध निघण्याच्या आधीच, लोकांचे राहणीमान सुधारत गेले तसा तेथून तो ओसरला. पापाचे फळ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.) हे जंतू कमालीचे मंद आहेत. एकाचे दोन व्हायला त्यांना जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही जातात. जंतूंचा मुक्काम कातडीत आणि कातडीला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूंत. त्यामुळे जो फिकट किंवा लालसर चट्टा उठतो तो दुखत नाही, खाजत नाही, ठणकत नाही. उलट तेथे काही लागले तरी कळतच नाही. टाचणी टोचा, कापूस फिरवा, काही नाही.

आता आपल्याकडे दवाखान्यात कोण जातो? ज्याचे दुखते तो. ताप आला, पोट धरून बसला, साप चावला, वाघाने ओरबाडले, तर माणूस जातो. ज्याचे काहीच दुखत नाही त्याने रोजी बुडवून, बसचे भाडे भरून, चिठ्ठीच्या रांगेत उभे राहून डॉक्टरला काय सांगावे? 'मला येथे काहीच होत नाही' असे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एखादा सरकारी कागद आला की वाचायला मला बोलावतात, कारण आमच्या बाजूच्या सात-आठ घरांत कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तशीच एका काकूंनी मला संध्याकाळी बोलावले आणि पदराखालून औषधाचे एक पाकीट आणि एक कार्ड काढले. "हळू वाच माय," म्हणाल्या. मी वाचले. त्यांना आधीच सांगितलेले होते. पण कागदावर तेच लिहिले आहे की काही वेगळे, याची त्यांना खात्री करायची होती. मग हळूहळू सारे कळले. चट्टा होता पाठीवर, कमरेच्या वर. किती दिवसांचा ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही, कारण स्वतःची पाठ कोण पाहतो? नणंदेने न्हाताना पाहिला तेव्हा 'नायटा असेल' म्हणून दुकानातून मलम आणले. पुढे एका खाजगी डॉक्टरनेही बोट लावून न पाहताच दुसरे मलम दिले. चट्टा काही दिवस फिका पडला, पुन्हा आला. "दुखत नाही, खाजवत नाही, मंग दवाखान्यात कायले जाऊ?" मधल्या काळात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत गेले. रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचेच हात चिखलपाण्याने बधिर होतात, तसेच हे, असे त्यांना वाटले. एके दिवशी चुलीवरचा तवा हाताने उचलला आणि कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळले, की हात भाजतो आहे. मग दवाखाना. तोपर्यंत ती दोन बोटे वाकायला लागली होती.

या एका हकिकतीत उशिराची निम्मी कारणे आली आहेत. न दुखणारा रोग, न दिसणारी जागा, मलमाची ट्यूब, आणि न तपासता मलम देणारा डॉक्टर. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने चट्ट्याचा रंग बदलतो, तो काही दिवस दबतो आणि खरा रोग झाकला जातो. गजकर्ण, नायटा, शिबे यांना खाज असते किंवा कोंडा सुटतो, पण त्या जागी स्पर्श कळतो. कुष्ठाच्या चट्ट्यावर तो कळत नाही. एवढा साधा फरक सांगायला दहावी पास होण्याचीही गरज नाही. कापसाचा बोळा पुरेसा आहे. मग तो फरक आपल्याला बालवाडीपासून कुणी का सांगितला नाही?

उशिराने नेमके काय होते, हे मी नंतर शोधून वाचले, कारण त्या काकूंनी मला विचारले होते की बोटे सरळ होतील का. वाचून मन फार उदास झाले. जंतूंना मारणारे औषध आज खात्रीचे आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन या औषधांचा एकत्र मारा, ज्याला बहुविध औषधोपचार म्हणतात, तो १९८१-८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने सुरू झाला. आज तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने घ्यावा लागतो. रोवणीच्या तोंडावर सहा महिन्यांचे औषध सुरू केले तर धान कापून चुरणे होईपर्यंत ते संपते. एका हंगामाचे काम! परंतु औषध जंतू मारते. मेलेला मज्जातंतू ते जिवंत करीत नाही. मज्जातंतूला सूज येऊन बधिरपणा किंवा अशक्तपणा सुरू झाला आणि त्याला सहा महिने व्हायच्या आत रोगी आला, तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी ती ताकद परत येण्याची बरीच आशा असते. सहा महिन्यांनंतर ती आशा उरत नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे येथे 'उशीर' या शब्दाला मोजमाप आहे. परीक्षेचा अर्ज भरायची तारीख टळावी तसे हे आहे, आणि येथे विलंबशुल्क भरूनही अर्ज घेतला जात नाही.

त्यानंतर जे होते ते रोगाने होत नाही, बधिरपणाने होते. बोटे 'झडतात', 'सडतात' असे आपण म्हणतो. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले, की मांस आपोआप सडत नाही. ज्या हाताला वेदना नाही तो हात माणूस जपत नाही. भाजतो, कापतो, काटा रुततो, जखम चिघळते, आणि रात्री झोपेत उंदीर कुरतडून गेला तरी जाग येत नाही. थोडे थोडे करून बोट जाते. डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली की बुबुळावर धूळ बसून दृष्टी जाते. पायाला फोड आला तरी माणूस बांधावरून चालत राहतो. निंदण, कापणी, मोहफूल वेचणे, तेंदूपान तोडणे, बांबू सोलणे, आपल्या भागातले कोणते काम असे आहे की ज्यात बोटे लागत नाहीत? शहरातल्या कारकुनाची दोन बोटे वाकली तर त्याचे फारसे बिघडत नाही. मजुराची दोन बोटे वाकली तर त्याची मजुरी वाकते.

शिवाय जो न सापडलेला आहे त्याच्या श्वासावाटे जंतू घरात पसरत राहतात. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक माणसांना या रोगाशी झुंजण्याची शक्ती निसर्गानेच दिलेली असते, आणि औषध सुरू होताच रोगी थोड्याच दिवसांत निरुपद्रवी होतो. म्हणून घाबरायचे कारण नाही. पण जे थोडे उरतात त्यांत बहुधा घरातलीच मुले असतात. लहान मुलाच्या अंगावर कुष्ठाचा चट्टा निघाला, याचा अर्थ त्याच्या आसपास एक मोठा माणूस आहे जो अजून कुणाला सापडलेला नाही.

स्त्रियांविषयी वेगळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणाऱ्या पथकात आशाताईबरोबर एक पुरुष स्वयंसेवक असतो, तो अशासाठी की पुरुषांचे अंग पुरुषाने आणि स्त्रियांचे स्त्रीने पाहावे. कल्पना उत्तम आहे. पण आपल्या घरांची रचना पाहा. दोन खोल्यांचे घर, पुढे ओसरी, ओसरीवर सासरा बसलेला. सुनेने कुठे पाठ उघडी करायची? मग 'काही नाही माझ्या अंगावर' असे उभ्याउभ्याच सांगितले जाते, आशाताई वहीत खूण करते आणि दारावर खडूने आकडा टाकून पथक पुढे जाते. दोष त्या ताईचाही नाही. तिला संध्याकाळपर्यंत ठरलेली घरे पूर्ण करायची असतात. आणि लग्न व्हायची असलेली मुलगी तर चट्टा दाखवणारच नाही. तिची आई दाखवू देणार नाही.

हे केवळ कुष्ठाचे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. साऱ्या जगाचे लक्ष त्याने वेधले. आपल्या आयाबहिणींना मात्र त्यात नवल वाटले नसते. अंगावर काढणे हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही, आणि तो बहुतेक बाईच्याच बाबतीत वापरला जातो.

आता लपवण्याकडे वळू. लोक लपवतात म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण एके काळी लपवणे हेच शहाणपणाचे होते, हे आपण विसरतो. औषधच नव्हते. डॅप्सोन आले ते १९४० नंतरच्या दशकात. त्यापूर्वी रोग उघड करून रोग्याला काय मिळत होते? गावाबाहेरची झोपडी. इंग्रज सरकारने १८९८ साली खास कायदा केला आणि भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून कोंडण्याची सोय केली. हा कायदा स्वतंत्र भारताच्या पुस्तकातून पुसला गेला २०१६ साली, म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मिळण्याची तरतूद तर २०१९ पर्यंत होती. ज्या देशाचा कायदाच २०१९ सालापर्यंत सांगत होता की या रोगापायी लग्न मोडता येते, त्या देशातल्या आईने मुलीचा चट्टा झाकला तर अडाणी कोण?

आमच्या सावलीचे नाव इतिहासात आले आहे ते गांधीजींमुळे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले आणि त्यासाठी गांधीजी येथे येऊन राहिले. पुढे तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे गृहस्थ त्यांच्या आश्रयाला आले. शास्त्रीबुवा संस्कृतचे मोठे पंडित. पण त्यांना कुष्ठरोग झालेला. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. त्या काळी ते धाडसच होते. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी पावसात पडलेला तुळशीराम पाहिला, प्रथम ते भ्याले, पळाले, आणि मग परत आले, ही गोष्ट तर आपल्याला पाठ आहे. पण ती सांगताना आपण सारे लक्ष बाबांवर ठेवतो. तुळशीराम त्या अवस्थेला पोचेपर्यंत किती वर्षे गेली असतील, कोणकोणत्या दारांवरून तो परत गेला असेल, त्याचा पहिला चट्टा कुणी पाहिला आणि पाहून न पाहिल्यासारखे केले, हा प्रश्न कोणत्याही वक्तृत्व स्पर्धेत मी अजून ऐकलेला नाही.

माझे म्हणणे असे, की लपवण्याची रीत औषध नसलेल्या काळातली आहे आणि ती औषध आल्यावरही चालूच राहिली. तेव्हा लपवून काही जात नव्हते, कारण मिळण्यासारखे काही नव्हते. आज लपवण्यापायी हात जातो. एचआयव्हीचे हेच झाले. भारतात त्याचा संसर्ग प्रथम आढळला १९८६ साली. तेव्हा तपासणी म्हणजे मरणाची चिठ्ठीच, लोक टाळत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने फुकट औषध सुरू केले आणि ते रोज घेणारा माणूस आज आपले पुरते आयुष्य जगू शकतो. तरीही कित्येक जण वजन उतरल्यावर, क्षयाने खोकू लागल्यावर, शरीराची सारी शक्ती संपत आल्यावर तपासणीला येतात. त्यात आणखी एक अन्याय. गरोदर स्त्रीची तपासणी नेमाने होते, म्हणून घरात तिचेच आधी कळते, आणि ज्याचे आधी कळले त्यानेच रोग आणला असे ठरते! नवऱ्याची तपासणी कुणी मागत नाही. २०१७ साली या रोग्यांच्या हक्कांसाठी कायदा झाला, २०१८ मध्ये तो अंमलात आला. पण चावडीवर कायद्याची प्रत कुणी वाचत नाही.

आता सरकारचा वाटा. आपल्या देशातील कार्यक्रमाचे नाव आहे 'राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम'. १९८३ पासून हे नाव आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर हे उद्दिष्ट गाठल्याचे ठरले. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे, असे मराठीत आपण समजतो. पण येथे त्याचा अर्थ होता, दहा हजार लोकवस्तीमागे उपचाराखालील रोगी एकाहून कमी. देशाची सरासरी एकाखाली गेली. सरासरीने चंद्रपूर-गडचिरोलीचे काय होते? नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी डोहात माणूस बुडतोच. आमच्या जिल्ह्यांतला दर त्यानंतरही वर्षानुवर्षे एकाच्या वर राहिला. आणि हा आकडा मोजतात तो नोंदलेल्या रोग्यांवरून. जो सापडलाच नाही तो आकड्यात नाही. शोधणे कमी केले की आकडाही कमी होतो. कापूस न तोलता व्यापाऱ्याने 'वजन कमी भरले' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

जुनी माणसे सांगतात की पूर्वी कुष्ठरोगाचे खास कर्मचारी सायकलवरून गावोगाव येत, शाळेत पोरांना रांगेत उभे करून सदरे काढायला लावीत, पाठी पाहत. निर्मूलनाच्या घोषणेच्या आगेमागे हे काम सर्वसाधारण आरोग्ययंत्रणेत मिसळले गेले. वेगळ्या दवाखान्याचा कलंक जावा हा त्यामागचा हेतू चांगला होता, आणि तो मी नाकारत नाही. पण ज्या हाताला बाळंतपणे, लसी, हिवताप, कुटुंबनियोजन आणि शंभर नोंदवह्या सांभाळायच्या आहेत, तो हात न दुखणाऱ्या चट्ट्याकडे शेवटी वळतो. डॉक्टरांच्या नव्या पिढीला तर हा रोग पुस्तकापुरता राहिला. पुढे चूक लक्षात आली आणि २०१६ पासून घरोघर शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या. देशात अजूनही वर्षाला सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात. २०२३ साली साऱ्या जगात १ लाख ८२ हजारांवर नवे रोगी सापडले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या देशातले होते. उपटून टाकलेल्या झाडाला इतकी पालवी?

मोहिमांच्या वेळेचेही एक सांगायचे आहे. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो, आणि तेथून पंधरवडाभर जनजागृती चालते. ग्रामसभेत प्रतिज्ञा वाचतात. दिवस योग्यच आहे. पण आपल्या तालुक्यातले मजूर धानाचे काम आटोपले की मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि ते दिवस हेच! सभेला बसलेले असतात म्हातारे, शाळेची पोरे आणि आम्ही कॉलेजवाले. ज्यांनी ऐकायचे ते खम्ममच्या मिरचीत. त्यांच्या अंगावरचा चट्टा पाहणारे तेथे कोण? मिरचीने तर चांगल्या हाताचीही आग होते. ज्याच्या हाताची होत नाही तो 'बरं झालं' म्हणून दुप्पट तोडत असेल.

उपचार सुरू झाल्यावरही गावाची नजर सुटत नाही. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. औषध संपल्यावर ती हळूहळू उजळते, पण तोवर 'हिला काय झाले?' असे पाणवठ्यावर विचारले जाते, आणि या एका प्रश्नापायी पाकीट विहिरीत जाते. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला फुकट देतात. त्या घातल्या की सारे गाव ओळखते, म्हणून त्या खाटेखाली पडून राहतात आणि पाय अनवाणी चालतात. या चपला साध्या चपलांसारख्या दिसतील अशा करायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

आमच्या महाविद्यालयाने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला कितपत आहे कोण जाणे, तरी सांगते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात होते. तेथे आपण नाली खोदतो, रस्ता झाडतो, रात्री पथनाट्य करतो. नाली पुढच्या पावसात बुजते. त्यापेक्षा शिबिरातल्या मुलींनी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून आधी नीट शिकून, त्या गावातल्या बायकांना एका बंद खोलीत, समाजमंदिरात किंवा शाळेच्या वर्गात, पाठ दाखवायला बोलवावे. दारे लावलेली, आत फक्त बायका. पुरुषांचे काम मुलांनी करावे. आम्ही रोग ठरवणार नाही. तो डॉक्टरांचा अधिकार. कापसाचा बोळा फिरवून जेथे कळत नाही तेवढ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत घेऊन जायचे, इतकेच. सोबत हा शब्द मी मुद्दाम वापरते. एकटी बाई जात नाही, चौघींत एक जाते.

पण त्याच्याही आधी आपण स्वतःची पाठ दाखवली पाहिजे. कॉलेजात प्रवेश घेताना रक्तगट विचारतात, फोटो चिकटवतात, दाखल्यांच्या झेरॉक्स मागतात. त्या दिवशीच मुलामुलींची वेगवेगळ्या खोलीत तपासणी व्हायला काय कठीण आहे? सगळ्यांचीच झाली की कुणी एकाकडे बोट दाखवणार नाही. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत तर हे वर्षातून दोनदा व्हावे. ज्यांच्या घरी रोगी सापडला आहे त्यांच्यासाठी आता रिफाम्पिसिनची एक मात्रा मिळते; तिने रोग होण्याचा धोका कमी होतो. ती घ्यायची तर घरात रोगी आहे हे आधी बोलावे लागते.

त्या काकूंचे औषध या पावसाळ्यात संपले. कातडी अजून थोडी काळसर आहे. बोटांसाठी शस्त्रक्रिया होते, स्नायूची दोरी दुसरीकडून आणून जोडतात, हे मी त्यांना वाचून सांगितले आहे. त्या 'धान निघू दे' म्हणाल्या. हाताला रोज पाण्यात भिजवून तेल लावायचे आणि भांडे कापडाने धरायचे, हे मात्र त्या नेमाने करतात. त्यांच्या घरात आणखी पाच माणसे आहेत. त्यांपैकी चौघांची तपासणी झाली. मोठा मुलगा तेलंगणातून अजून यायचा आहे.